रेड वाइनचं वर्ष कशानं घडतं? तासगाव-पलूसच्या बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

आमची बाग तासगाव तालुक्यात. बरीचशी बेदाण्याची, आणि बांधाला लागून एक एकर कॅबर्ने सोव्हिन्यॉ, म्हणजे रेड वाइनची काळी द्राक्षं. त्या एका एकरामुळं लग्नात, सोसायटीच्या ओट्यावर, चर्चासत्रात चहाच्या वेळी लोक मला गाठून तेच तेच प्रश्न विचारतात. काही प्रश्न वाइन पिणाऱ्यांचे असतात, बरेचसे बाग करणाऱ्यांचे. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं फार दिवस मनात होतं.

व्हिंटेज म्हणजे जुनी वाइन ना?

नाही. द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते वर्ष म्हणजे व्हिंटेज. बाटलीवर छापलेला आकडा तोच. सांगलीच्या पेठेत हळदीचा यंदाचा माल आणि गेल्या सालचा माल व्यापारी वेगळा धरतो, तसंच हे. एखादं वर्ष ‘मोठं’ म्हणतात तेव्हा त्या वर्षी त्या भागात पाऊस, ऊन आणि थंडी अशा वेळी आणि अशा मापात मिळाली की वेलीला तिचं सगळं मण्यात उतरवता आलं, एवढाच त्याचा अर्थ. अशी वाइन बहुधा जास्त वर्षं टिकते, त्यामुळं जुन्या बाटल्यांशी हा शब्द चिकटला.

वाइन तर टाकीत तयार होते. मग बागेतल्या हवेला एवढं महत्त्व का?

कारण रेड वाइनला लागणारं जवळजवळ सगळं सालीत असतं. काळं द्राक्ष चिरून पाहा, बहुतेक जातींत आतला रस पाण्यासारखा असतो. रंग सालीत, तुरटपणा म्हणजे टॅनिन साल आणि बियांत, वासही बराचसा सालीत. रस सालीसकट आंबवतात तेव्हा ते सगळं रसात उतरतं. सालीत नसेल तर टाकीत कुठून येणार?

इथंच आपल्या डोक्यातलं गणित उलटं करावं लागतं. आपण पिढ्यान् पिढ्या मणी फुगवायला शिकलो. डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, विरळणी, जीए हे मणी फुगवणारं संजीवक, पाण्याची पाळी, सगळं १८ मिलीमीटरच्या पुढं जाण्यासाठी. गोल वस्तू जितकी मोठी, तितकी आतल्या मालाच्या मानानं तिची साल कमी. १० मिलीमीटरच्या मण्यांच्या एक लिटर रसामागं जेवढी साल येते, तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त साल १८ मिलीमीटरच्या मण्यांच्या लिटरभर रसामागं येते. म्हणजे खाण्याच्या द्राक्षाला जे वर्ष भरभरून जातं, ते वाइनला पातळ असू शकतं. कॅबर्नेचा मणी ग्रॅम-सव्वा ग्रॅमचा असतो, आणि तो तसाच राहावा हीच धडपड. माझ्या वडिलांना हे पटायला तीन हंगाम लागले. मणी बघून ते म्हणायचे, “अरे, बाग उपाशी ठेवलीस की काय?”

बोर्दोची कोणती वर्षं मोठी मानतात? त्या वर्षी हवा कशी होती?

फ्रान्समधल्या बोर्दोची उदाहरणं घेतो, कारण कॅबर्ने आणि मर्लो तिथल्याच जाती आणि वर्षावर्षाच्या हवेच्या नोंदी तिथं जुन्या आहेत.

१९४५ आणि १९६१ ही दोन वर्षं आजही आदरानं घेतली जातात. दोन्ही वर्षी माल फार कमी होता. १९४५ ला मे महिन्याच्या सुरुवातीलाच हिमानं कोवळे फुटवे जाळले. १९६१ ला मेअखेरच्या थंडीनं फुलोरा गळाला. उरलेल्या थोड्या घडांना पुढं उष्ण, कोरडा उन्हाळा मिळाला, आणि वेलीनं त्यांच्यातच सगळं ओतलं. १९८२ मात्र वेगळं. त्या वर्षी फुलोरा लवकर आणि एकसारखा झाला, माल भरपूर आला, तरीही वाइन उत्तम निघाली. त्यामुळं कमी माल म्हणजेच चांगलं वर्ष हे सूत्र ठोकून सांगणाऱ्यांना मी १९८२ ची आठवण करून देतो.

२००५ ला तिथं वर्षभर पाऊस कमी. २००९ उबदार आणि भरपूर उन्हाचं. २०१० सुद्धा कोरडं, पण रात्री गार राहिल्या, म्हणून त्या वाइनमध्ये आंबटपणाचा कणा ताठ आहे. मला सगळ्यात शिकवून जातं ते २०१६. जूनपर्यंत तिथं इतका पाऊस की लोकांनी वर्षावर पाणी सोडलं होतं. मग जूनअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसानं जवळजवळ दडी मारली. सुरुवातीच्या पावसानं जमिनीत ओल साठली होती, तिच्यावर वेली तगल्या. वेली टेकीला येत असतानाच सप्टेंबरच्या मध्याला एक चांगला पाऊस झाला आणि पुढं काढणीपर्यंत स्वच्छ हवा. महिन्याकाठी एकूण पाऊस किती यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत पडला, यानं निकाल लागतो.

वाईट वर्षंही बघा. २०१३ ला थंड, ओला वसंत, फुलोऱ्याचा बोजवारा आणि शेवटी कुज. २०१७ ला एप्रिलअखेरच्या हिमानं पुष्कळ बागांचा माल एका रात्रीत गेला. २००३ ला युरोपभर उष्णतेची लाट आली. साखर आली, पण आंबटपणा पळाला, आणि ज्यांच्या बागा हलक्या रानात होत्या तिथं मणी सुकले. त्या वर्षीच्या वाइनवर जाणकारांचं अजून एकमत नाही.

थोडक्यात, मोठ्या वर्षाला काय काय लागतं?

बोर्दोच्या विद्यापीठातले प्राध्यापक डेनिस ड्युबोर्दियू (२०१६ मध्ये गेले) यांनी रेड वाइनच्या वर्षासाठी पाच अटी मांडल्या होत्या, त्या तिकडं दर हंगामात चर्चेला येतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर: फुलोरा लवकर आणि झटपट उरकावा. सेटिंगच्या, म्हणजे फुलातून मणी धरायच्या सुमाराला वेलीला पाण्याची चणचण जाणवायला लागावी. मणी रंग धरायच्या आधी शेंड्याची वाढ थांबावी. पानं शेवटपर्यंत हिरवी आणि कामाची राहावीत, पण नवी फूट नको. आणि काढणीला पाऊस नको. पाचही जमली तर वर्ष थोर. शेवटच्या दोन बिघडल्या तर आधीचं पुष्कळसं वाया जातं.

हंगाम नेमका कधीपासून मोजायचा?

आदल्या वर्षापासून. काडीवरच्या डोळ्यात घड आधीच तयार झालेला असतो. बोर्दोत तो आदल्या जूनच्या आसपास बनायला लागतो. आपल्याकडं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. एप्रिलची छाटणी उशिरा सरकली आणि नेमके ते दिवस जूनच्या ढगाळीत सापडले, तर डोळ्याला ऊन मिळत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर मग काय होतं ते कुणाला सांगायला नको. घड जिरतो, नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते. वाइनच्या बागेत माल जरा कमी चालतो म्हणून लोक याकडं दुर्लक्ष करतात. पण एका वेलीवर ४० घड आणि शेजारच्या वेलीवर १२, अशी बाग एका वेळी कधीच पिकत नाही.

फुलोऱ्यात वाइनच्या दृष्टीनं काय बिघडतं?

एकसारखेपणा बिघडतो. तिकडं जूनमध्ये फुलोरा असतो. त्या वेळी पारा १५ अंशांच्या खाली रेंगाळला किंवा पावसाची झड लागली की काही फुलं गळतात आणि काही घडांत मोठ्या मण्यांत बारीक गोळीसारखे मणी राहतात. माल घटतो ते सोसता येतं. त्रास देतो तो लांबलेला फुलोरा. पहिल्या फुलात आणि शेवटच्या फुलात तीन आठवड्यांचं अंतर पडलं तर काढणीच्या दिवशी एकाच घडात पिकलेला, अर्धा पिकलेला आणि हिरवा मणी असतो, आणि तिघंही एकाच टाकीत जातात. वाइनमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो त्याचं एक कारण हे.

आपल्याकडं नोव्हेंबरमध्ये थंडीनं फुलोरा क्वचितच बिघडतो. आपली भीती वेगळी, ओल्या हवेत पसरणाऱ्या डाऊनी या बुरशीची. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाचा पाऊस आणि २०१९ चा लांबलेला परतीचा पाऊस ज्यांनी बागेत काढला, त्यांना ते दिवस तोंडपाठ आहेत. २०१९ ला आमच्या आळीत रात्री दोन-तीनलाही फवारणीचे ब्लोअर चालू होते. पानावर पाणी, वाफ्यात चिखल, ट्रॅक्टर आत जाईना, शेवटी पाठीवरचा पंप घेऊन गडी आणि घरची माणसं रांगेनं फिरत होती. घडावर पांढरी बुरशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पाण्याचा ताण द्यायचा म्हणतात. कधी आणि किती?

हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेलीच्या आयुष्यात पाण्याचे तीन काळ धरा. पहिला, फुटीपासून फुलोऱ्यापर्यंत. इथं ताण नको. पान, काडी, घड उभा राहायचा असतो. दुसरा, सेटिंगपासून मण्यात पाणी उतरेपर्यंत. इथं पाणी आवरतं घ्यायचं. मण्याच्या पेशी या काळात फुगतात, आणि आता लहान राहिलेला मणी पुढं कितीही पाणी दिलं तरी पूर्ण भरून काढत नाही. सालीतलं टॅनिनही याच काळात तयार होतं. तहानलेली वेल शेंडा थांबवते. शेंडा थांबला की पानात तयार झालेली साखर नव्या फुटीत न जाता घडाकडं वळते. तिसरा काळ रंग धरल्यापासून काढणीपर्यंतचा. इथं वेल जगती ठेवायची. पानं पिवळी पडून गळाली तर मणी पिकत नाही, तो सुकतो. सुकलेल्या मण्याची साखर रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या उपकरणावर, जास्त दिसते, पण ती पाणी उडाल्यामुळं.

ताण बसला की नाही हे यंत्राशिवाय कसं ओळखायचं? शेंड्याजवळ उभे राहा. बाळी शेंड्याच्या पुढं गेलेली, लुसलुशीत असेल तर वाढ जोरात आहे. शेंडा आणि बाळी बरोबरीनं आली की वेग मंदावला. बाळी वाळून हात लावताच गळते आणि शेंडा आखूड, फिकट होतो, तेव्हा वाढ थांबली. मी सेटिंगनंतर रोज सकाळी ठरलेल्या २० वेलींचे शेंडे बघतो. दुपारी बघू नका. दुपारी सगळ्याच वेली माना टाकतात.

आणखी एक. बोर्दोत फळ देणाऱ्या बागेला पाणी द्यायला कायद्यानं सहसा मनाई असते, त्यामुळं ताण कधी बसणार हे पाऊस ठरवतो. मजेची गोष्ट म्हणजे तिथं वर्षाला साधारण ९०० मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्या जत-आटपाडीपेक्षा कितीतरी जास्त, आणि तो बाराही महिन्यांत वाटून येतो. म्हणून तिथं कोरडा उन्हाळा हे नशीब. आपल्याकडं नोव्हेंबर ते मार्च कोरडाच असतो आणि ठिबकची चावी आपल्या हातात असते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आल्यापासून आपला हात पाण्याला सैल झालाय, हे मी मनापासून काळजीनं लिहितोय. नदीकाठच्या क्षारपड जमिनी डोळ्यासमोर असताना वाइनच्या बागेला पाणी जास्त घालणं म्हणजे माती आणि माल दोन्ही घालवणं.

“पाणी तोडलं” म्हणजे एकदम बंद का?

नाही. बेदाण्याच्या बागेत शेवटी पाणी तोडतो तसं इथं करू नका. काळ्या रानात पाळीतलं अंतर वाढवा, मुरमाड रानात पाळी तीच ठेवून वेळ कमी करा. मुरमात पाणी एकदम बंद केलं तर चार-पाच दिवसांत वेल कोलमडते.

मग वाइनला कोणतं रान चांगलं?

पाण्याचा निचरा होणारं आणि थोडी ओल खोल धरून ठेवणारं. बोर्दोच्या मेदोक भागात गोटे-वाळूची जमीन आहे, ओल्या वर्षात ती पाणी झटकते. पोमरोलला चिकणमाती आहे, ती कोरड्या वर्षात वेलीला थोडं थोडं पाजत राहते. म्हणून तिथंही एकाच वर्षात नदीच्या एका काठाचा माल सरस आणि दुसऱ्याचा कमी निघतो. आपल्याकडं मुरमावर फूट-दीड फूट माती असलेलं माळरान मला सगळ्यात बरं वाटतं. भारी काळ्या रानात डॉगरिजसारख्या जोमदार खुंटावर वेल थांबतच नाही, शेंडे खुडून माणसं थकतात.

रंग कशानं येतो? थंडी लागते का?

रात्रीची थंडी फार कामाची. सालीतला रंग, म्हणजे अँथोसायनिन, मणी रंग धरायला लागल्यापासून बनतो. पारा ३५ अंशांच्या वर गेला की तो बनणं मंदावतं आणि बनलेलाही काही मोडतो. दुसरीकडं, मण्यातलं मॅलिक आम्ल वेल श्वासोच्छ्वासात जाळते, आणि उष्ण रात्री ते लवकर संपतं. टार्टारिक आम्ल टिकाऊ आहे. म्हणून दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तर साखर चढत असताना आंबटपणा राहतो आणि रंगही गडद होतो.

आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२-१४ अंश, दुपारी २८-३० अंश असं हवामान असतं. हे दिवस म्हणजे सोनं आहे. मात्र दव आणि धुकं आलं की भुरीचा रोग आलाच. पश्चिमेच्या बाजूला दुपारचं ऊन थेट घडावर पडत असेल तर तिकडची पानं काढू नका. सकाळच्या, पूर्वेच्या बाजूची घडाजवळची दोन-तीन पानं काढा. हवा खेळते, ऊन कोवळं लागतं आणि तो हिरवा मिरचीचा वास कमी व्हायला मदत होते.

छाटणी कधी धरावी?

माझ्या मते सांगलीच्या रेड वाइनचं निम्मं वर्ष या एका तारखेवर ठरतं. बोर्दोत वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात आपणहून जागी होते. तारीख आभाळाची. आपल्याकडं वेल झोपतच नाही. आपण कात्री लावतो, डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो, तेव्हा ती फुटते. म्हणजे फुलोरा कधी, रंग कधी, काढणी कधी, हे सगळं आपण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कात्रीनं ठरवतो.

आणि इथं एक फरक आहे जो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. बोर्दोत द्राक्ष पिकतं तेव्हा ऋतू उन्हाळ्याकडून शरदाकडं, गरमीकडून गारव्याकडं सरकत असतो. शेवटचे दिवस सर्वांत निवांत असतात. आपल्याकडं उलट. मणी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रंग धरतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या उन्हात पिकतो. जितका उशीर, तितकी शेवटची घाई. मार्चच्या मध्याला साखर धावते, आम्ल कोसळतं आणि बी मात्र कच्चंच राहतं.

मग लवकर छाटावं? सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलं तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि डाऊनी बाग खाते. २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर हा काळ आमच्या रानाला मानवतो. फुलोरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रंग डिसेंबरअखेर, काढणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून २२ ऑक्टोबरला छाटणी धरली. काढणी मार्चअखेर गेली. साखर २५ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), रंग विटकरी, चव शिजवल्यासारखी. पावसानं काही बिघडवलं नव्हतं. ते वर्ष आमच्या कात्रीनं घालवलं.

जतला, कवठेमहांकाळच्या माळावर, पलूसच्या नदीकाठी ही तारीख वेगळी असणार. शेजाऱ्याची तारीख उचलू नका. आपल्या शिवारातला परतीचा पाऊस साधारण कधी थांबतो आणि दुपारचा पारा ३४-३५ ला कधी पोचतो, या दोन खुंट्यांमध्ये आपला हंगाम बसवा.

ब्रिक्स आला म्हणजे द्राक्ष पिकलं ना?

अर्धंच. एका ब्रिक्समागं ढोबळमानानं ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे २४ ब्रिक्सच्या मालाची वाइन साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या घरात जाते. पण साल आणि बी त्यांच्या गतीनं पिकतात. थोर वर्षात या तिन्ही गोष्टी एकमेकींना गाठतात.

आमच्या बागेत याची परीक्षा जिभेनं होते. फेब्रुवारीत सकाळी सातला, मणी गार असताना, दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या घडांतून, वरून, मधून आणि टोकाकडून असे ५० मणी घ्यायचे. आधी गर चोखायचा. मग साल दाढेखाली वीसेक वेळा चावायची. सालीचा रस जिभेवर जांभळा उतरतो का, तुरटपणा खरखरीत की मऊ, ते बघायचं. शेवटी बी. हिरवट, चिकट बी दाताखाली दबतं आणि तोंड आकसतं. तपकिरी झालेलं बी कडकन फुटतं, भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण येते. आमचे तात्या, माझे चुलते, वाइनचा थेंब घेत नाहीत, पण बियांचा त्यांच्याइतका पारखी मी पाहिला नाही. एका सकाळी ब्रिक्स २३.५ होता, गाडी सांगायची तयारी झाली होती. तात्यांनी दोन बिया चावल्या, थुंकल्या आणि म्हणाले, “आठ दिवस हात लावू नको. अजून गवत आहे ह्यात.” आम्ही नऊ दिवस थांबलो. त्या मालाची वाइन मी त्या वर्षातली सर्वांत चांगली समजतो.

शेवटी गोडीसाठी पोटॅश सोडावं का?

खाण्याच्या द्राक्षाची सवय इथं आणू नका. पोटॅशियम मण्यात जास्त गेलं की टार्टारिक आम्ल त्याच्याशी बांधलं जातं आणि रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. पीएच चढला की रंग फिका, निळसर दिसतो आणि वाइन टिकत नाही. प्रयोगशाळेत पानाच्या देठाचं परीक्षण करूनच ठरवा.

काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर?

मुळं पाणी ओढतात, मणी सालीतूनही ते घेतो, रस पातळ होतो, दाट घडात मणी एकमेकांना दाबून तडकतात आणि मग कुज. हलका शिडकावा असेल, पाठोपाठ वारा असेल आणि साल जाड असेल तर चार-पाच दिवस थांबून साखर परत वर येते. कुज दिसायला लागली तर थांबू नका, सडका भाग कात्रीनं काढून माल उतरवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसारखं संकट आलं तर मात्र उपाय नाही. फुटलेला मणी रेड वाइनला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाइनरी फक्त ब्रिक्सवर भाव देते. मग एवढं कशासाठी करायचं?

या प्रश्नात दुखणं आहे आणि ते खरं आहे. २००१ च्या राज्याच्या वाइन धोरणानंतर आपल्याकडं लागवडी वाढल्या, पलूसला वाइन पार्क उभा राहिला, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर वाइनऱ्यांची मालाची उचल घटली तेव्हा पुष्कळांनी वाइनच्या जाती उपटल्या. आमचाही एक करार अर्ध्यावर सुटला आणि माल तयार असताना गाडी आली नाही. त्या वर्षी आम्ही ते घड वेलीवरच सोडले. फक्त साखरेवर भाव असला की शेतकरी माल लटकवत ठेवतो, आणि किलोवर भाव असला की काढणीच्या आठवड्यात पाणी सोडतो. दोन्हींनी वाइन बिघडते. पीएच, आम्ल, रंग आणि कुज या चारही गोष्टी करारात लिहून घ्या. वाइनरीला चांगलं वर्ष हवं असेल तर तिचा माणूस जानेवारीपासून बागेत यायला हवा, हे निक्षून सांगा.

एकरी किती माल ठेवावा?

पानं जेवढा पिकवू शकतील तेवढा. आमच्या रानात एकरी चार टनांच्या वर गेलो की रंग उतरतो, तुमचं रान वेगळं सांगेल. जास्तीचे घड रंग धरताना काढा, मागं राहिलेले हिरवे घड तेव्हा सहज ओळखू येतात.

बोर्दोसारखं वर्ष सांगलीत येऊ शकतं का?

तसंच नाही, आणि तसा हट्टही नको. दिवसाची लांबी वेगळी, ऋतूची दिशा वेगळी. तिकडं उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आपल्याकडं द्राक्ष पिकतं ते दिवसाच्या साडेअकरा-बारा तासांत. पण आपलं स्वतःचं मोठं वर्ष असतं. सप्टेंबरअखेर पाऊस उघडलेला, नोव्हेंबर स्वच्छ, मकरसंक्रांतीच्या आगेमागे तीन-चार आठवडे पहाटे बोटं आखडणारी थंडी, आणि फेब्रुवारीत ऊन उशिरा तापलेलं. अशा वर्षी शिराझ या काळ्या जातीला आणि कॅबर्नेला असा रंग चढतो की क्रेट उचलणाऱ्या बायकांच्या हातांना तो दोन दिवस सुटत नाही.

हवा बदलत चालली आहे, त्याचं काय?

बोर्दोत काढणी आता पूर्वीपेक्षा लवकर होते आणि अल्कोहोल चढलं आहे. आपल्याकडं मला जाणवतं ते असं की ऑक्टोबरचा पाऊस लांबतो आणि फेब्रुवारी लवकर तापतो. म्हणजे मघाशी म्हटलेल्या दोन्ही खुंट्या एकमेकींच्या जवळ येत आहेत. आम्ही अर्ध्या ओळींवर शेडनेट लावून पाहतोय, पश्चिमेच्या बाजूनं.

नोंदी कशाच्या ठेवायच्या?

छाटणीची तारीख, निम्मे डोळे फुटल्याची तारीख, निम्मा फुलोरा, निम्मा रंग. रोजचा कमाल-किमान पारा, शंभर रुपयांची वही पुरते. प्रत्येक पाळीला किती तास पाणी दिलं ते. पावसाचे मिलीमीटर, आणि तो कोणत्या अवस्थेत पडला ते. रंग धरल्यापासून दर चार दिवसांनी १०० मण्यांचं वजन, ब्रिक्स आणि पीएच. मण्याचं वजन घटत असताना ब्रिक्स चढत असेल तर मणी सुकतोय, वजन स्थिर असताना चढत असेल तर तो पिकतोय. आमच्या वहीत तात्यांसाठी एक वेगळा रकाना आहे, त्यात फक्त ‘गवत’, ‘अजून’ आणि ‘तोड’ हे तीनच शब्द असतात. गेल्या हंगामात ‘तोड’ २१ फेब्रुवारीला पडलं.